होमलॅब अपडेट: बाँड एकदाचा लागला, पण ९४० एमबीपीएसचं कोडं हॅशमध्ये निघालं

सर्व्हरचे दोन गिगाबिट नेटवर्क पोर्ट एकत्र करून एकच लिंक (बाँड) करायचं काम आज मार्गी लागलं. लिनक्सवर मोड ४ म्हणजे ८०२.३एडी (स्टँडर्ड २००८ पासून ८०२.१एएक्समध्ये गेलंय, पण लिनक्समध्ये नाव जुनंच आहे), आणि स्विचवर एलएसीपी, म्हणजे दोन्ही बाजू एकमेकींशी बोलून असा गट जुळवतात तो प्रोटोकॉल.

पहिल्या दिवशी बाँड अप दिसत होता, पिंगही जात होतं, म्हणून मी निर्धास्त होतो. मग लिनक्सच्या /proc मधली बाँडिंगची स्थिती दाखवणारी फाइल उघडली तर दोन नेटवर्क कार्डांचे अॅग्रिगेटर आयडी (कार्ड कुठल्या गटात आहे तो नंबर) वेगळे, एकाचा १ आणि दुसऱ्याचा २, आणि दुसऱ्या कार्डाखाली पार्टनरचा, म्हणजे समोरच्या स्विचचा, मॅक अॅड्रेस (हार्डवेअरचा पत्ता) नुसते शून्य. म्हणजे सर्व्हर विचारतोय आणि समोरून कोणी बोलतच नाहीये. स्विचवर बघितलं तर लॅगमध्ये (स्विचवरचा एकत्र केलेल्या पोर्टांचा गट) पोर्ट ७ आणि ८, केबल मात्र ७ आणि ९ मध्ये! केबल हलवली, आयडी जुळले. त्यामुळे मंडळी, ती फाइल वाचल्याशिवाय बाँड झाला असं मानू नका.

आता स्पीड. एका पीसीवरून आयपर्फ (स्पीड मोजायचं टूल) मारला तर ९४० एमबीपीएस, ते बरोबरच आहे, एक कनेक्शन एकाच वायरवरून जाणार. पण दोन पीसींनी एकदम सर्व्हरवरून डेटा ओढला तरी दोघांना मिळून ९४०च. डोकं खाजवत बसलो, मग कळलं की डिफॉल्ट लेयर२ हॅश (कुठला ट्रॅफिक कुठल्या वायरवर टाकायचा ते ठरवणारं गणित) मॅकवरून पोर्ट ठरवतो आणि पोर्ट दोनच असल्यामुळे शेवटचा आकडा सम की विषम एवढाच फरक पडतो. माझ्या एका पीसीच्या मॅकचा शेवट ४ए, दुसऱ्याचा बी६, दोन्ही सम, दोघंही एकाच वायरवर आणि दुसरी वायर रिकामी. हॅश लेयर३+४ केला, म्हणजे आयपी आणि टीसीपी/यूडीपी पोर्ट नंबरवरून, दोन्हीकडून चार-चार स्ट्रीम सोडले आणि बेरीज १.८ गिगाबिटच्या आसपास गेली. खूप बरं वाटलं!

उलट्या दिशेला मात्र फरक शून्य, कारण सर्व्हरकडे येणारा ट्रॅफिक कुठल्या वायरवर टाकायचा ते स्विच ठरवतो, सर्व्हरच्या सेटिंगशी त्याचा संबंध नाही. माझ्या स्विचवर अशा टीसीपी/यूडीपी पोर्ट नंबरवरून हॅश करायची सोय नाही, आयपीवरून आहे, ती लावली. दोन पीसींचे आयपी २० आणि २१ वर संपतात, एक सम आणि एक विषम, त्यामुळे तेवढ्यावर भागलं.

चालू पिंगमध्ये एक केबल उपटली तर एकच पॅकेट हरवलं. एलएसीपी रेटही फास्ट केलाय. हा रेट म्हणजे आपण समोरच्याला किती वेळाने पॅकेट पाठवायला सांगतो ते, स्लोमध्ये ३० सेकंद, फास्टमध्ये १, आणि तीन चुकली की लिंक बाद, म्हणजे ९० विरुद्ध ३ सेकंद. मध्ये मीडिया कन्व्हर्टर (एका प्रकारची केबल दुसऱ्या प्रकारच्या केबलला जोडणारा डबा) असेल तर पलीकडची वायर तुटूनही इकडचा लाइट चालूच राहू शकतो, तिथे हा फरक जाणवतो.

पुढच्या वेळी दोन स्विचमधला लॅग. आधी दोन्हीकडे कॉन्फिग, स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमधले लूप रोखणारा प्रोटोकॉल) चालू आहे का ते बघणार, आणि मगच दुसरी केबल.