खाजेच्या ट्यूबवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते एकदा वाचा

मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या त्या खाजेच्या क्रीमबद्दल खूप दिवसांपासून लिहायचं होतं. पुण्यात पाऊस लागला की ओल्या जीन्समध्ये गाडीवरून ऑफिस गाठणारे, रेनकोटच्या आत घामाने भिजणारे, पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करणारी मुलं जिथे सगळ्यांचे टॉवेल एकाच दोरीवर दमट लटकत असतात, यातल्या कितीतरी जणांना जांघेत नाहीतर कमरेला गजकर्ण होतं, म्हणजे कातडीला बुरशीची लागण, आणि जागा अशी की डॉक्टरला दाखवायला लाज वाटते, मग मेडिकलवाल्याला हळूच सांगायचं आणि तो देईल ती ट्यूब लावायची.

माझ्या मावशीकडे अशीच एक ट्यूब होती. "अगं दोन दिवसांत खाज गेली बघ, डॉक्टर कशाला?" मी खोकं उजेडात धरून वाचलं. पहिलं नाव क्लोबेटासोल, मग एक अँटिबायोटिक, मग एक अँटिफंगल, म्हणजे बुरशीवरचं औषध, आणि कडेला उभी लाल रेघ, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. क्लोबेटासोल हे कातडीवर लावायच्या स्टिरॉइडमधल्या सगळ्यात जोरदार गटातलं. ते बुरशीला काहीच करत नाही, आपल्या शरीराची बुरशीशी चाललेली झुंज दाबतं, म्हणून खाज आणि लाली जाते आणि बुरशी निवांत पसरत राहते. ट्यूब थांबवली की पुन्हा उसळतं. वर गजकर्णाची ती लालसर, जराशी उचललेली गोल कड, जिच्यावरून डॉक्टर ओळखतात, तीही पुसट होऊन जाते. कातडी पातळ होते, जांघेत पट्टे पडतात आणि ते पट्टे जात नाहीत.

आता मला याचा इतका त्रास का होतो ते सांगते. मी ऑरगॅनिक केमिस्ट्रीवाली, आणि बुरशीवर औषध बनवणं किती अवघड आहे हे लोकांपर्यंत पोचतच नाही. जिवाणूच्या पेशीला जी भिंत असते ती आपल्या पेशींना नसते, पेनिसिलिन त्या भिंतीवरच घाव घालतं, आपल्याला धक्का नाही. बुरशी मात्र झाडांपेक्षा आपल्या जवळची, तिच्या पेशीचं आतलं यंत्र बरंचसं आपल्यासारखंच, त्यामुळे तिला मारेल ते आपल्यालाही लागायची भीती. मोजकेच फरक आहेत आणि त्यातला सगळ्यात उपयोगाचा म्हणजे आपल्या पेशीच्या पडद्यात कोलेस्टेरॉल असतं, तिच्यात एर्गोस्टेरॉल. एर्गोस्टेरॉलमध्ये दोन डबल बॉंड (अणूंमधले दुहेरी जोड) जास्त आणि एक मिथाइल (एका कार्बनचा छोटा गट) जास्त, बस एवढाच फरक! आज वापरातली बहुतेक अँटिफंगल औषधं या एवढ्याशा फरकावर उभी आहेत.

याच एर्गोस्टेरॉलवर अल्ट्राव्हायोलेट प्रकाश पडला की त्याची एक रिंग उघडते आणि त्याचं व्हिटॅमिन डी टू होतं. स्टेरॉल (कोलेस्टेरॉल, एर्गोस्टेरॉल यांचं कुटुंब) आणि व्हिटॅमिन यांचं नातं शोधल्याबद्दल जर्मन केमिस्ट विंडाउसना 1928 चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. मशरूम कापून दुपारच्या उन्हात ठेवले की त्यात व्हिटॅमिन डी वाढतं ते यामुळेच. आपल्या कातडीत याचंच भावंड असतं, त्याचं ऊन लागल्यावर डी थ्री होतं. मला ही केमिस्ट्री फार आवडते.

आणि यात आपलं पिंपरी आहे! 1954 साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने, पेनिसिलिनसाठी. तिथेच शास्त्रज्ञ तिरुमलाचार यांच्या टीमने मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन नावाचं अँटिफंगल काढलं, आणि त्या जीवाचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. हे औषध एर्गोस्टेरॉलला चिकटून पडद्याला भोकं पाडतं. 2021 मध्ये काळ्या बुरशीच्या वेळी ज्या अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी पुण्यातले नातेवाईक दुकानोदुकान फिरत होते ते याच घराण्यातलं. पिंपरीहून रोज जा-ये करणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल? शाळेत शिकवायला पाहिजे हे.

टर्बिनाफिन हे गजकर्णावरचं दुसरं औषध वेगळ्या जागी मारतं. एर्गोस्टेरॉल बनण्याच्या वाटेवर स्क्वालीन इपॉक्सिडेज नावाचं एन्झाइम आहे, ते बंद करतं, मग एर्गोस्टेरॉल बनत नाही आणि त्याचा कच्चा माल असलेलं स्क्वालीन साठून बुरशी मरते. पण त्या एन्झाइममध्ये 397 नंबरच्या जागेवर एकच अमिनो ॲसिड बदललं की औषध नीट बसत नाही, आणि असे बदल असलेली बुरशी भारतात भरपूर सापडते. 2020 मध्ये तिला नाव मिळालं ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावात आपला देश, आणि ती न्यूयॉर्कच्या पेशंटमध्येही सापडल्याचं 2023 मध्ये जाहीर झालं. स्टिरॉइडच्या मिश्रण क्रीमचा बेसुमार वापर आणि अर्धवट सोडलेले कोर्स यांनी तिला रान मोकळं केलं असं बरेच त्वचारोगतज्ज्ञ म्हणतात आणि मला ते पटतं.

टर्बिनाफिन चाललं नाही की मग डॉक्टर इट्राकोनाझोल नावाचं अँटिफंगल देतात. त्याची कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची, कारण ती विरघळायला पोटातलं ॲसिड लागतं, आणि आपल्याकडे तर सकाळी उठून ॲसिडिटीची गोळी घेणारे घरोघरी आहेत. ती गोळी चालू असेल तर इट्राकोनाझोल नीट शोषलंच जात नाही, म्हणून डॉक्टरला ते आधी सांगा.

बाळाचा विचार चालू असेल तर तेही सांगा, लाजू नका. या औषधांचा हार्मोनशी संबंध येतो कारण आपले हार्मोनसुद्धा स्टेरॉलपासूनच बनतात. केटोकोनाझोल नावाचं अँटिफंगल जास्त डोसमध्ये पोटात घेतलं की टेस्टोस्टेरॉन बनणंच अडवतं, इतकं की प्रोस्टेट कॅन्सरमध्ये त्याचा वापर झाला. (शाम्पूतलं रक्तात जवळजवळ जातच नाही, त्याची काळजी नको.) गरोदरपणात आणि बाळाचं प्लॅनिंग चालू असताना नखांच्या बुरशीसाठी इट्राकोनाझोल देत नाहीत. ग्रिसिओफल्विन या बुरशीवरच्या गोळीच्या बाबतीत तर पुरुषांनाही सूचना आहे, गोळ्या संपल्यावर सहा महिने मूल होऊ द्यायचं नाही. हे किती नवऱ्यांना कोणी सांगतं?

प्रायव्हेटची फी परवडत नसेल तर पुण्यात ससून या सरकारी हॉस्पिटलमध्ये त्वचारोगाची ओपीडी आहे. जाताना आत्तापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्या झालेल्या सुद्धा, पिशवीत घालून न्या आणि घरात अजून कोणाला खाजत असेल तर त्यालाही बरोबर न्या.