दिवसा झोपणाऱ्यांचं घर

सासूबाई गेल्यावर आमच्याच बिल्डिंगमधला, नाशिकच्या गोविंदनगरचा त्यांचा वन बीएचके दीड वर्ष बंद होता. बंद घराला येणारा तो कोंदट वास मला सहन होईना. मुंबई नाक्याच्या आसपास हॉस्पिटलं भरपूर. तिथे दोन-तीन महिन्यांसाठी येणाऱ्या नर्स आणि डॉक्टर गादी-कपाटं कुठून आणणार? म्हणून घर भांड्याकुंड्यांसकट भाड्याने द्यायचं ठरवलं.

पहिली आली ती जळगावकडची, आयसीयूतली सिस्टर. मी हौसेने फिकट पिवळे, झुळझुळीत पडदे लावले होते. आठवड्याभराने वर गेले, तर बेडरूमच्या खिडकीला सासूबाईंची सोलापुरी चादर खिळ्यांना अडकवलेली.

"सॉरी काकू. नाईट करून नऊला येते, ऊन थेट तोंडावर येतं."

तिचे डोळे लाल झाले होते. मला फार लागलं ते. मी घर पाहुण्यांसाठी सजवलं होतं, रात्रभर उभं राहून आलेल्या पोरीसाठी नाही.

त्याच आठवड्यात जाड काळं अस्तर लावून पडदे शिवून घेतले. बेल आतून बंद करता येईल असं बटण बसवलं. दूध, कुरिअर खाली माझ्याकडे. घंटागाडीला कचराही मीच देते. दुपारी वीज गेली तरी पंखा चालावा म्हणून इन्व्हर्टर घेतला. सगळ्यात जास्त पैसे त्यातच गेले, पण ते आधीच करायला हवं होतं.

"तीन महिन्यांसाठी कशाला रजिस्ट्रेशन?" असं एजंट म्हणाला. मी ऐकलं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची. करार अकरा महिन्यांचा करायचा ही नुसती पडलेली सवय आहे, तीन महिन्यांचाही लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे घर ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याचा करार, होतो. ऑनलाइन अंगठे दिले, सोबत सामानाची यादी जोडली: शेगडी, फ्रिज, कुकर, गाद्या दोन. मीटरच्या रीडिंगचा फोटोही काढून ठेवला.

सोसायटीत कुरबुर झालीच, की रात्री-अपरात्री येणारी एकटी मुलगी नको. मी कराराची प्रत आणि पोलिस स्टेशनला दिलेली माहिती सेक्रेटरींपुढे ठेवली, आणि सिस्टरला सोबत नेऊन ओळख करून दिली. वॉचमनला तिच्या ड्युटीच्या वेळा सांगितल्या. अशा मुलींना घर नाकारणं मला अजिबात पटत नाही.

आता तिथे एक भूलतज्ज्ञ मॅडम आहेत. त्या दाराच्या कडीला "झोपलेय" अशी चिठ्ठी लावतात. ती दिसली की मी जिन्यात खेळणाऱ्या पोरांना मागच्या अंगणात पाठवते.