गवतगंज्यांचे फोटो आणि एका गोडाऊनचं कुलूप : माझा अनुभव

आधीच सांगते, हे लिहायला बसलेय ती त्या एका गोडाऊनच्या रागानं. बाकीचे फोटो दोन रविवारात झाले, कुणी अडवलं नाही, चहा पाजूनच पाठवलं सगळ्यांनी. गोडाऊनसाठी मात्र चार खेपा.

तर झालं असं, नोव्हेंबरात सुगी सुरू झाली तसं भाच्याला म्हटलं, चल गाडी काढ, बेळगावच्या आसपासच्या शिवारात जुने गोठे, खळी, गवतगंज्या, शेतातली कौलारू घरं जेवढी उरलीत तेवढी कॅमेऱ्यात घेऊ. पहिल्या रविवारी येळ्ळूर. राजहंसगडावर उजाडायच्या आत पोचलो, खाली शिवारात धुकं आणि त्यातनं फक्त गंज्यांची टोकं वर आलेली, तो फोटो माझ्या मोबाईलच्या स्क्रीनवर अजून आहे. उशीर केलात तर गडावर जाऊन काही उपयोग नाही, धुकं उठतं आणि सगळं पांढरं दिसतं. दुसऱ्या रविवारी वेंगुर्ला रोडनं सुळगा, उचगाव, बेकिनकेरे, कुद्रेमनी. तिकडं लाल माती, रताळी, काजू. बाची संपून शिनोळी लागली की महाराष्ट्र, दुकानांच्या पाट्या बदलतात, गोठे तेच, म्हशीपण त्याच.

एक सांगायचं राहिलं, ट्रायपॉड नेऊ नका. निदान येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारात तरी नको. तिकडं काळी जमीन, भात कापलं की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा येतो, आणि असल्या पिकाऊ जमिनीतनं हलगा-मच्छे बायपास काढला म्हणून शेतकरी किती वर्षं भांडलेत, कोर्टात गेलेत. मी तीन पायांचं स्टँड उभं करून वाकून बघतेय म्हटल्यावर बांधावरनं एक काका, रस्त्याची मोजणीवाली समजून, विळा घेऊनच आले. "काय मोजूलालाय?" म्हणाले. मी म्हटलं गंजीचा फोटो. त्यांना पटेना. मग कॅमेऱ्यात मागचे फोटो दाखवले, त्यात एक त्यांच्याच भावकीतला गोठा निघाला, तेव्हा हसले.

आता गोडाऊन. गावाचं नाव सांगत नाही, कृषी पत्तीनचं, म्हणजे शेतकऱ्यांच्या सहकारी पतसंस्थेचं, जुनं गोडाऊन आहे एवढंच समजा. दगडी भिंती, वर खानापुरी कौलं, सागवानी दाराला लोखंडी पट्ट्या, आणि कौलांत मधे मधे काचेची कौलं बसवलेली. दार अर्धं उघडं होतं म्हणून डोकावले तर त्या काचांतनं उन्हाचे चार पट्टे खाली युरियाच्या पोत्यांवर पडलेले आणि धूळ नुसती तरंगत होती. माझा कॅमेरा गाडीत! धावत जाऊन आणेपर्यंत शिपायानं दार ओढून घेतलं.

"सेक्रेटरींना विचारा." सेक्रेटरी नव्हते. दुसऱ्या खेपेला भेटले, भला माणूस वाटला, म्हणाले काही अडचण नाही, एक अर्ज द्या. तिथंच वहीचं पान फाडून मराठीत लिहून दिला तर तो दोन बोटांनी धरून परत केला, कन्नडात पाहिजे म्हणे. आता मी बाजारात कन्नड बोलते, भांडतेसुद्धा, पण लिहायचं म्हटलं तर माझं नावच कसंबसं येतं. झेरॉक्सवाल्याकडं गेले, त्यानं पन्नास रुपयांत टाईप करून दिला. काय लिहिलंय ते वाचून घ्या बरं का, मी घेतलं नाही. माझ्या अर्जात फोटो "पासपोर्ट साईज" झाला होता.

तिसऱ्या खेपेला अर्ज कन्नडात होता पण चुकीच्या माणसाच्या नावानं होता, सेक्रेटरी नाही, चेअरमन पाहिजेत. खोडून वर चेअरमन लिहू का म्हटलं तर चालत नाही. आधारची झेरॉक्स कुठाय? फोटो कशाला पाहिजे, कर्जाला जोडणार का? विम्याला? पेपरात देणार का? मी म्हटलं अहो, भिंतीवर लावणार. भिंतीवर कुणी खताच्या गोडाऊनचा फोटो लावतं का, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांचंही चूक नाही. शेवटी म्हणाले मीटिंगमध्ये ठेवतो. मीटिंग कधी? शिपाई आतनंच ओरडला, "नाळे बर्री!" म्हणजे उद्या या. दुसऱ्या दिवशी फोन केला, मीटिंग तहकूब.

त्या तिसऱ्या खेपेला मी रागानं समोरच्या कट्ट्यावर दीड तास बसले, भाचा गाडीत झोपला. समोरच्या परड्यात एक आजोबा गंजी रचत होते. खाली दगडं आणि आडवी लाकडं, म्हणजे ओल आणि वाळवी वर चढत नाही. त्यावर पिंजराच्या, म्हणजे भाताच्या वाळल्या काडाच्या, पेंड्या गोल लावत जायच्या, बुडखे बाहेर, शेंडे आत, मधला भाग सारखा तुडवून उंच ठेवायचा. मधे खड्डा पडला की पहिल्या पावसात आतनं कुजलं म्हणून समजा. नातू खालनं पेंडी फेकायचा, आजोबा न बघता झेलायचे. वर झाकायला गेल्या इलेक्शनचा फ्लेक्स, एका बाजूला हात जोडलेले साहेब, निम्मं नाव कन्नडात, निम्मं मराठीत, साहेबांच्या डोक्यावर दगड. मी विचारलं काढू का फोटो, तर म्हणाले, "काढ की बाळ, त्यात काय विचारायचं." ना अर्ज, ना आधार.

चौथ्या खेपेला परवानगी मिळाली. शिक्का, सही, सगळं. मी पहाटे उठून, दोन बॅटऱ्या चार्ज करून गेले. गोडाऊनवर पत्रे! कौलं उतरवून खाली भिंतीला रचून ठेवलेली, काचेची चार वेगळी. माकडं कौलं फोडतात, खतावर पाणी गळतं, म्हणून मीटिंगमध्ये पत्र्याचाच ठराव झाला होता, माझा अर्ज त्याच्याच खालचा विषय. आत गुडुप अंधार आणि एक एलईडी. सेक्रेटरी खूश, "आता काढा की, नवीन दिसूलालंय." मी दोन फोटो काढले, एक त्यांचा दारात उभं राहून. तो बरा आलाय.

तेव्हा असलं काही दिसलं तर गाडीतनं उतरतानाच कॅमेरा गळ्यात पाहिजे. आणि संध्याकाळी सहाच्या आत घराकडं वळा, गाळप हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन दोन ट्रॉल्या लावून येतात, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, टेपवर गाणी मात्र एवढ्या मोठ्यानं की तुमचा हॉर्न कुणाला ऐकू जात नाही. भाच्यानं एकदा अगदी शेवटच्या क्षणाला ब्रेक मारला, आम्ही दोघं दहा मिनिटं बोललो नाही.

आजोबांना प्रिंट नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून बघितली, लांब धरली, जवळ धरली, आणि म्हणाले, "गंजी वाकडी दिसूलालीय. माझी वाकडी नव्हती." वाईड लेन्स जवळनं वर रोखली की टोक असं मागं कलतं, हे त्यांना कसं सांगू? नवीन काढून देते म्हटलं आणि मागं वळून बघितलं तर एका बाजूची निम्मी गंजी म्हशींना घालून झाली होती, साहेबांचा फ्लेक्स एका कानावर लोंबत होता. आता पुढच्या सुगीला. लांब उभं राहून काढणार.