डोकं आणि कप

जर्मनमध्ये चहा-कॉफीच्या कपाला 'टासं' म्हणतात. दिसायला अस्सल जर्मन, पण मूळचा परका शब्द. फारसीतलं 'तश्त' अरबीत 'तास' झालं, तिथून इटालियन-फ्रेंचांच्या हाती लागलं आणि १६व्या शतकात जर्मन घरांत पोचलं. तेच 'तश्त' मराठीतही आलं. जेवण झाल्यावर हात धुवायला पाहुण्यापुढे धरत, ते तस्त. एका भावंडाच्या नशिबी खरकटं पाणी आलं. दुसरं जर्मनीतल्या माइसेन गावाला पोचलं, जिथं १७१०पासून चिनी मातीची नाजूक भांडी घडू लागली! ऑस्ट्रियात मात्र टासं म्हणजे ट्रेसुद्धा. पसरट तस्ताच्या घराण्याला खरं तर तेच जास्त शोभतं.

टासं येण्याआधी जर्मन माणूस कशातून पीत असे? 'कोप्फ'मधून. आणि आज कोप्फ म्हणजे डोकं.

हा कोप्फ लॅटिन 'कुप्पा'चा वंशज, म्हणजे आपल्या रोजच्या 'कप'चा नातेवाईक. मध्ययुगात कुणा रांगड्या मंडळींनी माणसाच्या कवटीला पेला म्हणायला सुरुवात केली आणि ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. डोक्याचा मूळचा शब्द 'हाउप्ट' मागे पडला. बोलताना आता तो भेटतो बहुधा जोडशब्दांत, 'हाउप्टबानहोफ' म्हणजे शहराच्या मुख्य रेल्वे स्टेशनात वगैरे. कोप्फचा जुना अर्थ काही कोपऱ्यांत टिकून आहे. अंगाला लावायच्या तुंबडीला जर्मन अजूनही 'श्र्योप्फकोप्फ' म्हणतात.

आपण हसायचं कारण नाही. संस्कृत 'कपाल' म्हणजे कवटी, वाडगा आणि यज्ञात पुरोडाश, म्हणजे आहुतीची भाकरी, भाजायची खापरीसुद्धा. त्यातूनच आपलं कपाळ आलं. फ्रेंचांचं डोकं, 'तेत', तर लॅटिनमधल्या मातीच्या भांड्यापासूनच घडलेलं. एवढ्या लोकांना डोकं बघून भांडंच का आठवावं? मला वाटतं, दोन्ही फुटतात म्हणून. कपाळमोक्ष काय उगाच होतो?

गंमत म्हणजे कोप्फ डोक्याला देऊन टाकल्यावरही जर्मनांनी कपाचा आणि डोक्याचा संबंध काही सोडला नाही. एखादा चक्रम वाटला, की ते म्हणतात, याच्या कपाटात सगळे कप नाहीत. आणि कुणी अगदीच निरुत्साही, मख्ख असेल, तर तो 'ट्र्युबं टासं', म्हणजे गढूळ कप.