सीजे 500 डीच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक

परतवाड्यापासून अर्ध्या तासावर आमचे गाव आहे आणि गावाबाहेर संत्र्याची बाग. बागेकडे जाणारा रस्ता काळ्या मातीचा असून मध्ये एक नाला लागतो. वडिलांनी 1986 साली जुनी घेतलेली महिंद्राची उंच बॉनेटची सीजे 500 डी जीप आजही याच रस्त्यावर चालते. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये नाला गुडघाभर वाहत असताना मी गाडी पलीकडे काढली, आणि पुढच्याच वळणावर गावाकडे परतणारी गुरे समोर आली. पेडल दाबले तर ते नेहमीसारखे घट्ट लागले, पण गाडीचा वेग काही कमी झाला नाही. दुसरा गिअर टाकून आणि हँडब्रेक ओढून गाडी थांबवली, तेव्हा शेवटची गाय बोनेटपासून चार-पाच हातांवर होती. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागे, प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्यावर असतो. तो पाण्याच्या वर राहिल्यामुळे कोरडा होता, एवढ्यावरच त्या दिवशी निभावले.

पाण्यातून निघाल्यावर पेडलवर हलका पाय ठेवून थोडे अंतर गाडी चालवावी, म्हणजे लायनर (ब्रेकचे घासणारे अस्तर) सुकतात, हे वडिलांनी मला शिकवले होते आणि त्या दिवशी ते माझ्याकडून राहून गेले. तरीही सगळा दोष स्वतःकडे घेऊन मी थांबलो नाही, कारण ड्रम ब्रेकची, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या भांड्याला आतून लायनर दाबणाऱ्या ब्रेकची, रचनाच अशी आहे की आत शिरलेले पाणी आणि काळा चिखल सहज बाहेर पडत नाही. चिखलदऱ्याचा घाट उतरताना दुसरीच अडचण येते: ड्रम तापून फुगतो, त्याचा आतला व्यास वाढतो, लायनर त्याच्यापासून दूर राहते आणि पेडल खाली खाली जाऊ लागते. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी चकती दोन पॅडांमध्ये चिमटली जाते; ही डिस्क तापली तर ती जाड होऊन पॅडच्याच दिशेने वाढते, आणि उघडी असल्यामुळे पाणी तिच्यावरून लगेच फेकले जाते. या दोन कारणांसाठी पुढच्या अॅक्सलला डिस्क बसवायचे मी ठरवले.

काम परतवाड्याला चाचांच्या गॅरेजमध्ये झाले. चाचांनी चाळीस वर्षे जंगलातल्या लाकडाच्या ट्रकांची आणि जीपांची कामे केली आहेत, आणि त्यांच्या हाताखाली बसून मी निम्मे काम स्वतः केले. हबपासून, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागापासून, ड्रम वेगळा करतानाच पहिला दिवस गेला. या जीपला व्हील स्टडची (चाक धरणाऱ्या बोल्टांची) मागची बाजू ठोकून पसरवलेली असते. तो पसरलेला कडा आधी कापून न काढता स्टड सरळ प्रेसखाली घातला, तर हबचे छिद्र फाटून मोठे होते. आमच्या गाडीत डाव्या चाकाचे स्टड उलट्या आट्यांचे आहेत, म्हणून नवे स्टडही तसेच शोधावे लागले. बोलेरोची डिस्क आणि कॅलिपर (पॅड दाबणारा चिमटा) घेतले आणि डिस्कचे मधले छिद्र आमच्या हबप्रमाणे लेथवर करून घेतले. ब्रेकची मागची प्लेट आणि स्पिंडल ज्या सहा बोल्टांनी नकलला (चाक वळवणाऱ्या सांध्याला) धरलेले असतात, त्याच बोल्टांखाली 10 मिलिमीटर पोलादी पत्र्याचे ब्रॅकेट बसवले, कारण ब्रेक लागताच चाकाचा सगळा पीळ त्या ब्रॅकेटवर येतो आणि तिथे वेल्डिंगच्या भरवशावर राहणे मला मान्य नव्हते. डायल गेज लावून डिस्क फिरवली तेव्हा डोलण्याचे प्रमाण 0.1 मिलिमीटरच्या आत आले. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि चाक लटकते ठेवून होज पाइप ताणला जात नाही ना, हेही पाहून घेतले.

इतके झाल्यावर काम संपले असे मला वाटले होते, आणि खरी अडचण तिथून पुढे सुरू झाली. जुना मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर पाइपांत तेल ढकलणारा पंप, एकेरी होता, म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जाणार. त्यामुळे पुढचे आणि मागचे तेल वेगळे ठेवणारा दुहेरी सिलिंडर आणून, जुन्याच्या जागी, चालकाच्या पायाखाली चेसिसला बसवला. पहिल्या फेरीत आठ-दहा किलोमीटर गेलो असेन, तोच गाडी जड चालू लागली. उतरून पाहिले तर पुढच्या दोन्ही चाकांजवळ हात धरवत नव्हता, पॅडचा जळका वास येत होता आणि डिस्कच्या काठावर निळसर झाक उमटली होती. मला कॅलिपर जॅम झाल्याची शंका आली. चाचांनी आधी पुशरॉडची (पेडलपासून मास्टर सिलिंडरला जाणाऱ्या दांडीची) ढिल तपासली, ती बरोबर निघाली. मग चाक जॅकवर उचलून त्यांनी हवा काढायचा निपल पाव फेरा सैल केला. तेलाची बारीक चिळकांडी उडाली आणि अडकलेले चाक बोटाने फिरू लागले. "चाकाले काही नाही झालं भाऊ, पंप पाहा लागते," एवढेच ते बोलले.

कारण असे होते. ड्रम ब्रेकच्या मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी एक लहान झडप असते, जी पेडल सोडल्यावरही पाइपमध्ये सुमारे 10 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब राखून ठेवते, म्हणजे चाकातल्या व्हील सिलिंडरच्या बकेटांच्या (रबरी वाट्यांच्या) कडा ताणलेल्या राहतात आणि आत हवा ओढली जात नाही. ड्रममध्ये लायनर मागे ओढायला जोरकस स्प्रिंगा असतात, म्हणून हा दाब तिथे बाधत नाही; कॅलिपरमध्ये अशी स्प्रिंग नसल्यामुळे तोच दाब पॅडला सतत डिस्कवर टेकवून ठेवतो. आम्ही आणलेला सिलिंडर चारही चाकांना ड्रम असलेल्या गाडीचा होता. पुढच्या बाजूची झडप काढली, मागची तशीच ठेवली, आणि चाके मोकळी फिरू लागली. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले पेडल अर्ध्यावर गेले. सिलिंडर पायाखाली आणि कॅलिपर त्याच्यापेक्षा उंच, त्यामुळे रात्रभरात तेल मागे उतरत होते. त्यासाठी पुढच्या पाइपमध्ये 2 पीएसआयची वेगळी झडप बसवावी लागली. ज्यांचा मास्टर सिलिंडर वर, डॅशच्या पत्र्यावर असतो, त्यांना तिची गरज पडत नाही. जुन्या जीपवाल्यांनी मात्र ती विसरू नये.

बूस्टरचा, म्हणजे व्हॅक्यूमच्या ओढीने पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याचा, प्रश्न त्याच्याच मागोमाग आला. ड्रम फिरताना पुढच्या शूला (लायनर लावलेल्या कमानीला) स्वतःकडे ओढून घेतो आणि पायाचा जोर आपोआप वाढवतो. डिस्कमध्ये तशी मदत मिळत नाही, म्हणून बूस्टरशिवाय पेडल दगडासारखे लागते. डिझेल इंजिनातून बूस्टरला पुरेशी ओढ मिळत नसल्यामुळे मागच्या टोकाला व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर बसवला. इंजिन बंद करून पेडल तीन-चार वेळा मारायचे, मग दाबून धरून इंजिन सुरू करायचे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करतो आहे, ही परीक्षा मी आता दर महिन्याला करतो.

मागे ड्रमच ठेवले. पुढचे पाइप नवे घालताना तांब्याचा मोह टाळून पोलादी बंडी पाइप दुहेरी फ्लेअर करून (टोके दुहेरी दुमडून) वापरले. कॅलिपर बसवताना निपल वरच्या बाजूला येईल हे पाहावे, नाहीतर कितीही पेडल मारले तरी हवा वरच अडकून राहते. शेवटी रिकामी गाडी मुरमाच्या मोकळ्या रस्त्यावर जोरात थांबवून पाहिली: मागची चाके आधी घसरली आणि शेपूट बाजूला गेली, म्हणून मागच्या पाइपला दाब कमी करणारा समायोज्य व्हॉल्व्ह लावून, पुढच्या चाकांच्या खुणा आधी उमटेपर्यंत तो पिळत नेला.

एक गोष्ट काम सुरू करण्याआधीच करायची असते. मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधने घालते, म्हणून आधी आरटीओ कार्यालयात विचारावे आणि मगच पाना हातात घ्यावा.

यंदाचा पावसाळा संपल्यावर दोन्ही चाके उघडली. उजव्या कॅलिपरच्या एका सरकत्या पिनेवर काळी माती सिमेंटसारखी बसली होती, त्यामुळे आतला पॅड बाहेरच्यापेक्षा स्पष्टपणे जास्त झिजलेला निघाला. पिना घासून, ब्रेकसाठीचे ग्रीस लावून रबरी टोप्या नव्या घातल्या. त्याच वेळी उजव्या नकलच्या फेल्टमधून (तेल अडवणाऱ्या सीलमधून) तेल झिरपताना दिसले. ते डिस्कवर पोहोचले तर सगळी मेहनत वाया जाईल, म्हणून मृग बहाराच्या संत्र्याची तोड आटोपली की किंगपिनच्या (ज्यावर नकल वळते त्या खिळीच्या) बेअरिंगसह ते सील बदलायला गाडी पुन्हा चाचांकडे उभी करणार आहे.