शहरांनी टाकलेल्या जागा आणि चार चाकं

स्केटपार्कला, म्हणजे स्केटबोर्ड चालवायच्या मैदानाला, जागा मिळते ती बहुतेक वेळा शहराचं मन जिथून उडालेलं असतं तिथे. पुलाखालचा अंधार, बंद पडलेला कारखाना, पाडलेल्या पुतळ्याचा चौथरा, प्रार्थना थांबलेलं चर्च. युरोपातल्या अशा काही जागा मी आणि माझ्या ताईने एका उन्हाळ्यात पाहिल्या. मी बोर्ड चालवते. ताई चालवत नाही, तिला जुन्या इमारतींचं वेड आहे. तिच्यामुळे प्रत्येक ठिकाणी पोचण्याआधी त्या जमिनीवर पूर्वी काय होतं ते वाचून गेलो, आणि त्याचा मला बोर्डवर थेट उपयोग झाला. फरशी अशी का आहे, उतार नेमका इथेच का आहे, एखाद्या कोपऱ्याबद्दल तिथली मंडळी इतकी हळवी का आहेत, हे समजून चालवण्यात वेगळीच मजा आहे. जाणाऱ्यांनी तेवढं वाचन जरूर करावं.

सुरुवात प्रागपासून करा. व्लताव्हा नदीच्या काठावर लेतना नावाची टेकडी आहे. तिच्या कडेवर १ मे १९५५ रोजी स्टालिनच्या स्मारकाचं अनावरण झालं. साडेपंधरा मीटर उंची, बावीस मीटर लांबी, १७ हजार टन वजन. स्टालिनच्या मागे कामगार, शेतकरी, सैनिक असे एकामागे एक उभे होते, आणि प्रागचे लोक त्याला ‘मांसासाठीची रांग’ म्हणायचे. शिल्पकार ओताकार श्वेत्स याने अनावरणाच्या आधीच आत्महत्या केली होती. पुढच्याच वर्षी खुद्द मॉस्कोत सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने स्टालिनवर टीका केली, आणि १९६२ मध्ये सुरुंग लावून हे सगळं उडवून देण्यात आलं. चौथरा मात्र राहिला. १९९० मध्ये त्याच्या पोटातल्या दालनांतून ‘रेडिओ स्टालिन’ हे विनापरवाना केंद्र चालायचं. १९९१ मध्ये वर एक महाकाय मेट्रोनोम (संगीतात ताल धरणारं, लंबक हलणारं यंत्र) बसवला गेला, आणि भोवतालचं दगडी पटांगण हळूहळू स्केटर मंडळींचं झालं. आजही ते या जागेला ‘स्टालिन’च म्हणतात.

हा कुणी आखून बांधलेला पार्क नाही. लोकांनी खाली उभं राहून मान वर करून बघावं म्हणून आखलेली जागा आहे ती. रुंद पायऱ्या, लांबच लांब बुटक्या भिंती आणि मोठाल्या फरशा त्यासाठीच आहेत. आज तिथे येणारा प्रत्येक स्केटर खाली, फरशांच्या सांध्यांकडे बघत असतो. ते बघावंच लागतं, कारण काही फरशा हलतात आणि सांधे उघडे पडले आहेत. फार लहान आणि कडक चाकं घेऊन गेलात तर प्रत्येक सांध्यात अडखळाल. ५४ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी, थोडी मऊ चाकं लावा. चेखूव पुलासमोरून पायऱ्या थेट वर जातात, पण बोर्ड आणि बॅग घेऊन त्या चढण्यापेक्षा लेतना बागेच्या बाजूने सपाटीवरून आलेलं बरं. चौथऱ्याखालची दालनं जुनी आहेत, त्यामुळे एखाद्या भागाला कुंपण घातलेलं दिसलं तर तो भाग सोडून द्या. सकाळी जागा मोकळी असते. संध्याकाळी सूर्यास्त बघायला गर्दी होते आणि वेग घेता येत नाही. ताई मात्र संध्याकाळीच खूश होती, कारण कठड्यावरून नदीवरचे पूल आणि जुनं शहर समोर पसरलेलं दिसतं.

बर्लिनमध्ये आम्ही थोडंच थांबलो. टेम्पेलहोफ विमानतळ २००८ मध्ये बंद झाला आणि २०१० मध्ये लोकांसाठी बाग म्हणून उघडला. १९४८-४९ मध्ये पश्चिम बर्लिनची नाकेबंदी झाली तेव्हा अन्न आणि कोळसा घेऊन येणारी विमानं इथेही उतरत होती. २०१४ च्या सार्वमतात बर्लिनकरांनी इथे बांधकाम नको असा कौल दिला. याच मैदानावर ‘फोगेलफ्रायहाइट’ नावाची छोटी स्केट-जागा आहे, आणि तिच्यातला ग्रॅनाइट पूर्व जर्मनीच्या ‘पालास्ट डेअर रेपुब्लिक’चा आहे. १९७६ मध्ये उघडलेली, संसद आणि लोकांच्या करमणुकीची दालनं एकाच छताखाली असलेली ती इमारत २००६ ते २००८ या काळात पाडली गेली. तिच्या जागी आता जुन्या राजवाड्याची प्रतिकृती उभी आहे, आणि तिचा दगड इथे ग्राइंड, म्हणजे बोर्डच्या धातूच्या आसांचं घासणं, खातो आहे. स्केटिंगच्या दृष्टीने जागा लहान आहे, पण धावपट्टीवर जोर लावून सरळ सुटायचा आनंद दुसरीकडे कुठे मिळणार नाही. वारा पाठीवर घ्या, समोरून घेतलात तर दमून जाल. मैदानाची फाटकं सूर्यास्ताला बंद होतात आणि वेळ महिन्यागणिक बदलते. ती फाटकावरच लिहिलेली असते.

या सगळ्या प्रवासात माझा जीव जडला तो डेन्मार्कमधल्या रोस्किल्देवर. कोपनहेगनहून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं. पर्यटक जातात ते तिथलं कॅथीड्रल पाहायला, जिथे डॅनिश राजे-राण्यांच्या समाध्या आहेत. आपण शहराच्या दक्षिणेला म्युझिकॉन नावाच्या भागाकडे जायचं. इथे पूर्वी काँक्रीटचा कारखाना होता. तो बंद झाल्यावर नगरपालिकेने त्या जागी नवी वस्ती वसवायला घेतली, आणि पहिला प्रश्न आला पावसाच्या पाण्याचा. डेन्मार्कमध्ये हा प्रश्न किरकोळ नाही. २ जुलै २०११ रोजी कोपनहेगनवर ढगफुटी झाली, दोनेक तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, तळघरं आणि रस्ते पाण्याखाली गेले. पाणी साठवायला तळी हवीतच. पण अशी तळी वर्षातले बहुतेक दिवस कोरडी पडून असतात. मग कोरड्या दिवसांत त्यांचं काय करायचं?

उत्तर म्हणजे राबाल्डरपार्कन. २०१२ मध्ये तो खुला झाला. पाणी वाहून नेणारा काँक्रीटचा कालवा स्केटरांना चालवता येईल अशा उतारांचा केला आहे. पाणी साठवायचं एक कुंडच ‘बोल’ (bowl), म्हणजे चालवायचा वाडग्यासारखा खोलगट खड्डा, म्हणून घडवलं आहे. पूर्ण यंत्रणेत सुमारे २३ हजार घनमीटर पाणी मावतं. साध्या पावसाचं पाणी इतर भागांत जिरतं आणि थांबतं. बोलची पाळी मोठ्या पावसातच येते. म्हणजे त्या बोलचा आकार स्केटरांना हवा तसा आहे आणि अभियंत्यांनाही. गोलाकार भिंत पाण्यालाही मानवते आणि चाकांनाही, त्यामुळे दोघांपैकी कुणाला फारशी तडजोड करावी लागलेली नाही. स्केटपार्कसाठी स्वतंत्र पैसे मागायला गेलं की नगरपालिका हात आखडता घेते. इथे पैसे पाण्याच्या कामाचे होते, आणि त्याच कामातून मुलांना खेळायला जागा मिळाली. जगातल्या प्रत्येक पूरग्रस्त शहराने हे येऊन बघावं असं मला मनापासून वाटतं.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. मोठा पाऊस होऊन गेला असेल तर त्या दिवशी जाऊ नका. पाणी ओसरलं तरी तळाशी बारीक गाळ आणि पानं राहतात, आणि गाळावर चाक गेलं की बोर्ड जागच्या जागी थांबतो, आपण पुढे जातो. बॅगेत एक छोटा हातझाडू असू द्या. नवशिक्यांनी कालव्यापासून सुरुवात करावी, उतार सौम्य आहे आणि तिथे कुणाच्या वाटेत येण्याची भीती कमी. बोलमध्ये उतरण्याआधी काठावर बसून दोन-चार जणांच्या रेषा, म्हणजे ते कोणत्या वाटेने फिरतात ते, बघा. जून संपता संपता आणि जुलैच्या सुरुवातीला रोस्किल्देचा संगीत महोत्सव असतो, तेव्हा मुक्कामाला खोली मिळणं मुश्कील होतं. नंतर गेलेलं उत्तम.

कोपनहेगनमध्येच ख्रिस्तियानियाच्या आत ‘वंडरलँड’ आहे. १९७१ मध्ये लोकांनी ताब्यात घेतलेल्या लष्करी बराकींच्या वस्तीतला हा स्केटरांनी हाताने बांधलेला पार्क. बोल अवघड आहे, भिंती उभ्या आहेत. वस्तीत फोटो काढण्याआधी विचारा.

कोपनहेगनहून ओरेसुंड पूल ओलांडला की स्वीडनमधलं माल्मो. पासपोर्ट हाताशी ठेवा, स्वीडनच्या हद्दीत तपासणी होऊ शकते. माल्मोचं पश्चिम बंदर म्हणजे एकेकाळचं कोकुम्स जहाजबांधणी केंद्र. १८४० मध्ये सुरू झालेली ही कंपनी पुढे जगातल्या मोठ्या जहाज-कारखान्यांत गणली गेली. पण आशियातल्या स्पर्धेपुढे ती टिकली नाही आणि १९८० च्या दशकात इथे व्यापारी जहाजं बांधणं थांबलं. १३८ मीटर उंचीची कोकुम्सची क्रेन शहराची ओळख होती. २००२ मध्ये ती सुटी करून दक्षिण कोरियातल्या उल्सानला नेली. ह्युंदाईने ती एका डॉलरला घेतली होती. तिथे तिला ‘माल्मोचे अश्रू’ म्हणतात.

ज्या उतरत्या धक्क्यावरून जहाजं पाण्यात सोडली जात, त्याला स्वीडिशमध्ये ‘स्टापेलबेड’ म्हणतात, आणि त्याच जागेवर आज स्टापेलबेड्सपार्कन आहे. २००० च्या दशकाच्या मध्यात तो उभा राहिला. बांधण्यात स्थानिक स्केटरांचे हात होते, आणि ते बोलमध्ये उतरल्यावर जाणवतं: प्रत्येक वळणाच्या पुढे चाकाला कुठे जायला आवडेल याचा विचार आधीच केलेला आहे. खोल बोल माझ्या आवाक्याबाहेरचे होते, मी मधल्या उंचीच्या भागात रमले. पाठीमागे १९० मीटरचा पिळदार ‘टर्निंग टॉर्सो’ दिसत राहतो. ताईने तिथे बसून बंदराचे जुने नकाशे समोरच्या इमारतींशी ताडून पाहिले. स्केट न करणाऱ्यांनीही हे करून बघावं, फार रंगतं.

माल्मोची खरी ताकद या एका पार्कात नाही. १९९८ पासून बिअरच्या एका जुन्या कारखान्यात ‘ब्रिगेरियेट’ हा बंदिस्त पार्क चालतो, आणि २००६ पासून त्याच संस्थेची माध्यमिक शाळा आहे, जिथे स्केटबोर्डिंग हा अभ्यासक्रमाचा भाग आहे. नगरपालिकेने स्केटबोर्डिंगसाठी वेगळा समन्वयक नेमला. जहाजं गेल्यावर रिकामं झालेलं शहर तरुणांशी कसं बोललं याचं हे उदाहरण आहे. पाऊस आला तर ब्रिगेरियेट गाठा, पण वेळापत्रक आधी बघा, कारण दिवसातले काही तास शाळेसाठी, मुलींसाठी किंवा नवशिक्यांसाठी राखीव असू शकतात. बंदरावर वारा जोराचा असतो. सकाळी लवकर जा.

लंडनला आम्ही साऊथबँकसाठी गेलो. १९५१ च्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’नंतर थेम्सच्या या काठावर कलाकेंद्र वाढत गेलं. १९६७ मध्ये क्वीन एलिझाबेथ हॉल झाला, आणि त्याच्या पोटाखाली एक अर्धवट उघडी जागा उरली: खांब, तिरपे काँक्रीटचे उतार, डोक्यावर छप्पर. वास्तुविशारदांनी तिला ठरावीक काम दिलं नव्हतं. ते काम १९७० च्या दशकात स्केटरांनी दिलं. २०१३ मध्ये तिथे दुकानं काढायचा आणि स्केटरांना जवळच्या पुलाखाली नवी जागा द्यायचा बेत जाहीर झाला. नवी जागा गुळगुळीत आणि सोयीची असणार होती. तरी लोक हटले नाहीत, आणि त्यांचं बरोबर होतं. चाळीस वर्षं घासलेल्या उताराची प्रतिकृती होत नाही. मोहीम इतकी पसरली की २०१४ मध्ये जागा स्केटरांकडेच राहील असा करार झाला, आणि निधी उभारून बंद पडलेला भाग २०१९ मध्ये पुन्हा खुला झाला.

इथे अमेरिकेतल्या टँपाचा ‘ब्रो बोल’ आठवल्याशिवाय राहत नाही. तो मी पाहिलेला नाही. सेंट्रल अव्हेन्यू ही कृष्णवर्णीयांची गजबजलेली वस्ती उठवल्यानंतर त्या जमिनीवरच्या बागेत १९७० च्या दशकाच्या शेवटी तो बांधला गेला. २०१३ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत आला, आणि तरीही बागेच्या पुनर्रचनेत पाडला गेला. जवळच त्याची प्रतिकृती केली आहे. पण त्या बागेवर उठवलेल्या वस्तीच्या आठवणींचाही हक्क आहे, म्हणून हा वाद साऊथबँकइतका सरळ वाटत नाही.

साऊथबँकला वॉटरलू स्थानकावरून चालत जा. छप्पर असल्याने पावसात चालतं. बघ्यांची गर्दी कायम असते; आत जाताना एका कडेला थांबा, कोण कोणत्या रेषेवर आहे ते समजून घ्या, मधोमध उभं राहून फोटो काढू नका. लंडनच्या पूर्वेला हॉर्नचर्चचा ‘रॉम’ आहे, १९७८ चा. २०१४ मध्ये त्याला ग्रेड दोनचा वारसा दर्जा मिळाला, युरोपात स्केटपार्कला असा दर्जा मिळण्याची ही पहिलीच वेळ. तो उघडा आहे का हे चौकशी करूनच निघा.

शेवटचं ठिकाण स्पेनमधल्या अस्तुरियासचं, ल्यानेराचं सांता बार्बारा चर्च. १९१२ मध्ये स्फोटकांच्या कारखान्यातल्या कामगारांसाठी ते बांधलं. सांता बार्बारा ही दारूगोळ्याशी काम करणाऱ्यांची संरक्षक संत. नंतर ते ओस पडलं. स्थानिक मित्रमंडळींनी ते वाचवलं, आत लाकडी रॅम्प उभारले, आणि २०१५ मध्ये चित्रकार ओकुदा सान मिगेल याने छत आणि भिंती भडक रंगांच्या भौमितिक आकारांनी भरून टाकल्या. रॅम्पवरून वर येताना कमानी अंगावर येतात. अशा जागा किती नाजूक असतात तेही लक्षात असू द्या: अमेरिकेतल्या सेंट लुईसमधलं सेंट लिबोरियस हे १८८९ चं चर्च असंच स्केटपार्क झालं होतं, ते जून २०२३ मध्ये आगीत गेलं. ल्यानेराचं दार कायम उघडं नसतं. आधी संपर्क करून वेळ घ्या. ओविएदोला मुक्काम ठेवा, तिथून ते जवळ आहे. लाकडावर ९९ए (चाकाच्या कडकपणाचं माप) किंवा त्याहून कडक चाकं लावा.

म्हणजे बॅगेत चाकांचे दोन संच, स्केट-टूल (बोर्डचे नट-बोल्ट आवळायचं हत्यार), जास्तीच्या बेअरिंग आणि हेल्मेट हवंच. प्रवास विमा काढताना स्केटबोर्डिंग त्यात येतं का हे लेखी विचारा, बऱ्याच पॉलिसींत ते वगळलेलं असतं. दिवस कमी असतील तर सगळं करायला जाऊ नका. कोपनहेगनला राहा, एक दिवस रोस्किल्दे आणि एक दिवस माल्मो करा. दोन्हीकडे तासाभराच्या आत पोचता येतं. ऑगस्टचा दुसरा पंधरवडा निवडलात तर तिथल्या शाळा सुरू झालेल्या असतात आणि दुपारपर्यंत बोल मोकळे मिळतात.