लोकरी माव्याला डिफानं आवरलं

2002 च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा, म्हणजे पानातला रस शोषणारी बारीक कीड, आली, तेव्हा हे नेमकं काय आहे तेच आमच्या वाळव्याकडच्या शेतकऱ्यांना कळेना. पानाच्या खालच्या अंगाला, मधल्या शिरेला धरून पांढरी लोकर. हात लावला की बोटं चिकटायची. वरून गळणारा चिकटा खालच्या पानांवर साचायचा, त्यावर काळी बुरशी धरायची आणि अख्खा फड काजळी फासल्यासारखा दिसायचा. जनावरांपुढं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, टाकायचं की नाही, हाही प्रश्नच. कारण वाढ्यांबरोबरच मावा या गावातून त्या गावात जात होता. वारा होताच जोडीला.

लोकांनी पंप काढले. पण ऊस डोक्याच्या वर गेलेला, आत पाल्याची गचपण. औषध पानाच्या पाठीवर पोचणार कसं? त्यात या माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लंच घालते, म्हणून मावा झपाट्यानं वाढतो.

खरं काम केलं डिफानं. ही एका छोट्या पतंगाची अळी, हिरवट-करडी. माव्याच्या वस्तीतच जाळी विणते आणि तिच्या आडोशानं मावा खात पुढं सरकते. मी अशी पानं भिंगातून तासन्‌तास बघितली आहेत. अळी पुढं गेली की मागं उरतात माव्याची रिकामी सालं, लोकरीच्या चिंध्या आणि जाळीत अडकलेली विष्ठा. जोडीला मायक्रोमस हा दुसरा मावा खाणारा कीटक. त्याची अळी बारीक, दोन्हीकडं निमुळती आणि भलती चपळ. याचा प्रौढ कीडाही मावाच खातो. पुढं ईशान्य भारतातून एन्कार्शिया आणली गेली. ही इवलीशी गांधीलमाशी माव्याच्या अंगातच अंडी घालते.

आजही आमच्याकडं लोकरी मावा दिसतो, पण बहुतेक वेळा डिफासकट दिसतो. तरी दुकानातून बाटली आणून आधी फवारणारे आहेतच, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. त्या फवाऱ्यात डिफा आधी मरतो.

म्हणून पंप भरण्याआधी पाच-पंचवीस पानं उलटी करून बघा. जाळी दिसली तर फवारू नका. नसेल तर शेजारच्या फडातून अळ्या-कोष असलेली पानं तुकडे करून आणा आणि मावा असलेल्या पानांना टाचा. शिफारस हेक्टरी 1000 डिफाची किंवा 2500 मायक्रोमसची आहे. हे काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करा, आणि त्यानंतर महिनाभर तरी त्या फडात औषध नको.